सेंद्रिय की पोषणवर्धित? वनस्पतिजन्य दुधाच्या वेष्टनावरील दोन शब्दांचा अर्थ

दुकानांतील दुधाच्या कप्प्याशेजारी बदाम, सोयाबीन, ओट, तांदूळ आणि नारळ यांपासून तयार केलेल्या पेयांची खोकी आता नित्य दिसू लागली आहेत. ज्यांना दुग्धशर्करा पचत नाही ते, ज्यांच्या मुलांना दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आहे ते, ज्यांनी प्राणिजन्य अन्न वर्ज्य केले आहे ते आणि केवळ चवीखातर घेणारेही, असे सर्व प्रकारचे ग्राहक या पेयांना लाभले आहेत. खोके हातात घेतले की त्यावर दोन शब्दांपैकी एक हमखास आढळतो. काहींवर ‘सेंद्रिय’ असे लिहिलेले असते, तर काहींवर ‘फोर्टिफाइड’, म्हणजे वरून जीवनसत्त्वे व खनिजे मिसळून पोषणवर्धित केलेले. सेंद्रिय खोके सहसा महाग असते. साहजिकच ते अधिक शुद्ध, म्हणून अधिक पौष्टिक, असा समज होतो.

या समजुतीत दोन निरनिराळ्या प्रश्नांची सरमिसळ आहे. सेंद्रिय हा शब्द पीक कसे पिकवले आणि त्यावर प्रक्रिया कशी झाली, हे सांगतो. पोषणवर्धित हा शब्द पेल्यात कोणती पोषकद्रव्ये आहेत, हे सांगतो. एकाचे उत्तर दुसऱ्यात सापडत नाही. इतकेच नव्हे, तर युरोपातील कायद्याने हे दोन गुण एकाच खोक्यात येणे जवळजवळ अशक्य करून ठेवले आहे. जो माणूस दूध सोडून त्याच्या जागी हे पेय घेतो, आणि विशेषतः जो ते लहान मुलाला देतो, त्याच्यासाठी हा फरक शब्दांपुरता राहत नाही.

हे ‘दूध’ कसे तयार होते?

धान्य, कडधान्य किंवा कठीण कवचाचे फळ पाण्यात भिजवून वाटायचे, गाळायचे, त्यात थोडे मीठ, तेल, स्थिरक आणि कधी साखर घालून अतिउच्च तापमानाला निर्जंतुक करायचे, ही या पेयांची सर्वसाधारण कृती. सोयाबीनचे दूध चीनमध्ये फार पूर्वीपासून प्रचलित आहे. ओटचे पेय मात्र अगदी अलीकडचे असून स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील संशोधनातून १९९०च्या दशकात ते बाजारात आले. त्यात विकरांच्या साहाय्याने ओटमधील पिष्ट फोडले जाते आणि त्यातून माल्टोज ही साखर तयार होते. म्हणूनच वेगळी साखर न घालताही ओटचे पेय किंचित गोड लागते.

या पेयांत मूळ पदार्थाचे प्रमाण किती, हे पाहिले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. अनेक बदाम पेयांत बदाम केवळ दोन-तीन टक्के असतात, ओटच्या पेयात ओट साधारण दहा टक्के आणि सोया पेयात सोयाबीन सात-आठ टक्के. बाकी मुख्यतः पाणी. वरून काही न मिसळलेल्या पेयांची गाईच्या दुधाशी तुलना केली, तर दर १०० मिलिलिटरमागे साधारण असे चित्र दिसते :

- गाईचे दूध : प्रथिने सुमारे ३.२ ग्रॅम, कॅल्शियम सुमारे १२० मिलिग्रॅम.
- सोया पेय : प्रथिने ३ ते ३.५ ग्रॅम, कॅल्शियम सहसा २५ मिलिग्रॅमच्या आत.
- ओट पेय : प्रथिने १ ग्रॅम किंवा त्याहून कमी, कॅल्शियम अत्यल्प.
- बदाम पेय : प्रथिने सुमारे अर्धा ग्रॅम, कॅल्शियम अत्यल्प.
- तांदूळ किंवा नारळाचे पातळ पेय : प्रथिने जवळजवळ नाहीत, कॅल्शियम अत्यल्प.

प्रथिनांच्या बाबतीत दुधाच्या जवळ जाणारे पेय सोयाबीनचे. कॅल्शियमच्या बाबतीत कोणतेही नाही. ब-१२ जीवनसत्त्व तर यांपैकी एकाही पेयात निसर्गतः नसते. दुधातून मिळणारे ब-२ जीवनसत्त्व आणि आयोडीन यांचीही तीच गत. दुधाशी बरोबरी साधायची तर ही द्रव्ये वरून मिसळावी लागतात.

‘सेंद्रिय’ शब्द काय सांगतो

सेंद्रिय प्रमाणपत्र मिळालेल्या पिकाला रासायनिक खते आणि कृत्रिम कीटकनाशके वापरलेली नसतात, जनुकीय बदल केलेले बियाणे वर्ज्य असते आणि प्रक्रियेत वापरायच्या द्रव्यांची यादीही मर्यादित असते. हा गुण क्षुल्लक नाही. किनारपट्टीच्या वाचकांना त्याचे मोल पटवून देण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या सरकारी मळ्यांवर सुमारे दोन दशके एंडोसल्फान या कीटकनाशकाची हवाई फवारणी झाली. परिसरातील गावांना जन्मजात व्यंगे व मज्जासंस्थेचे विकार यांच्या रूपाने जे भोगावे लागले, त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये या रसायनावर देशभर बंदी घातली. शेतमजूर, विहिरी, माती आणि मधमाश्या यांच्या दृष्टीने सेंद्रिय शेतीला स्वतःचे असे स्थान आहे. सेंद्रिय पिकांत कीटकनाशकांचे अंश कमी आढळतात, हेही अनेक तुलनात्मक अभ्यासांतून दिसून आले आहे.

मात्र सेंद्रिय बदामात साध्या बदामाच्या कित्येक पट कॅल्शियम असते असे नाही, आणि सेंद्रिय ओटमध्ये ब-१२ निर्माण होत नाही. ज्या पदार्थात मुळात एखादे पोषकद्रव्य नाही, त्यात ते शेतीची पद्धत बदलल्याने येत नाही. तांदळाच्या पेयाचे उदाहरण याहून बोलके आहे. भाताचे पीक माती आणि पाण्यातील आर्सेनिक शोषून घेते, आणि हे आर्सेनिक भूगर्भातून आलेले असल्यामुळे सेंद्रिय भातही त्यातून सुटत नाही. ब्रिटनची आरोग्यसेवा पाच वर्षांखालील मुलांना तांदळाचे पेय दुधाऐवजी देऊ नये असा सल्ला देते. तो सल्ला सेंद्रिय तांदळालाही तितकाच लागू आहे.

‘पोषणवर्धित’ म्हणजे काय

अन्नात वरून काही मिसळणे म्हणजे भेसळ, अशी एक नकळत बसलेली धारणा असते. वस्तुतः पोषणवर्धन आपल्या स्वयंपाकघरात केव्हाच रुळले आहे. आयोडीनयुक्त मीठ हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. गलगंडावर उपाय म्हणून स्वित्झर्लंडमध्ये ते १९२२मध्ये सुरू झाले, आणि आज भारतात खाण्यासाठी विकले जाणारे मीठ आयोडीनयुक्त असणे बंधनकारक आहे. वनस्पती तुपात अ जीवनसत्त्व मिसळण्याची सक्ती आपल्याकडे १९५३पासून आहे. पिशवीतील टोन्ड दुधावर ‘+एफ’ हे चिन्ह असेल, तर त्यातही लिटरमागे २७० ते ४५० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व आणि ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व वरून मिसळलेले असते. म्हणजे ज्याला आपण ‘नैसर्गिक’ दूध समजून चहात घालतो, तेही पुष्कळदा पोषणवर्धितच असते.

वनस्पतिजन्य पेयांत मुख्यतः चार द्रव्ये मिसळतात : कॅल्शियम, ड, ब-१२ आणि ब-२. युरोपातील अनेक पोषणवर्धित पेयांत दर १०० मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम, ०.७५ मायक्रोग्रॅम ड, ०.३८ मायक्रोग्रॅम ब-१२ आणि ०.२१ मिलिग्रॅम ब-२ असे प्रमाण ठेवलेले आढळते. कॅल्शियमचा आकडा गाईच्या दुधाशी जुळणारा आहे, हा योगायोग नव्हे.

ही द्रव्ये येतात कोठून, हाही प्रश्न शाकाहारी वाचकांना पडतो. कॅल्शियम हे सहसा कॅल्शियम कार्बोनेट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या क्षारांच्या रूपात असते. ब-१२ कोणतीही वनस्पती किंवा प्राणी स्वतः तयार करू शकत नाही. ते फक्त काही सूक्ष्मजीव तयार करतात, आणि कारखान्यांतही ते जिवाणूंच्या किण्वनातूनच मिळवले जाते. ड जीवनसत्त्वाचे दोन प्रकार आहेत. ड-२ हे यीस्ट किंवा अळंबीवर अतिनील किरण टाकून मिळते. ड-३ हे बहुधा मेंढीच्या लोकरीतील लॅनोलिन या स्निग्ध पदार्थापासून काढतात. मसाल्यातील दगडफूल ज्या वर्गात मोडते, त्या लायकेनपासूनही ड-३ मिळवता येते. प्राणिजन्य पदार्थ कटाक्षाने टाळणाऱ्यांनी म्हणूनच ‘ड’ एवढ्यावर न थांबता त्यापुढचा आकडा आणि त्याचा स्रोत पाहावा.

मिसळलेले सर्व अंगी लागते का? सोया पेयात कॅल्शियम कार्बोनेट मिसळले असता त्यातील कॅल्शियम गाईच्या दुधातील कॅल्शियमइतकेच शोषले जाते, तर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असेल तर काहीसे कमी, असे प्रयोगांत दिसले आहे. परंतु त्याआधी एक साधी अडचण आहे. मिसळलेला क्षार पूर्णपणे विरघळत नाही, तो खोक्याच्या तळाशी बसतो. खोके न हलवता वरवरचे पेय ओतून घेतले, तर बरेचसे कॅल्शियम रिकाम्या खोक्याबरोबर कचऱ्यात जाते. ‘वापरण्यापूर्वी चांगले हलवा’ ही वेष्टनावरील सूचना म्हणूनच गांभीर्याने घ्यायला हवी.

दोन्ही गुण एकत्र का आढळत नाहीत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सेंद्रिय शेतीतील बदाम वापरून त्यात वरून कॅल्शियम आणि ब-१२ मिसळले, तर दोन्ही गुण साधणार नाहीत का? तत्त्वतः साधतील. अडसर आहे तो नियमांचा.

सेंद्रिय अन्नाच्या चळवळीत ‘कमीत कमी प्रक्रिया, कमीत कमी मिश्रण’ हे तत्त्व प्रथमपासून आहे. अन्न स्वतःच पुरेसे पोषक असावे, कारखान्यात तयार केलेली सुटी जीवनसत्त्वे त्यात मिसळू नयेत, अशी त्यामागील भूमिका. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालील कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक यंत्रणेच्या सेंद्रिय अन्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी १९९९मध्ये हीच भूमिका स्वीकारली. त्यांनुसार जीवनसत्त्वे व खनिजे मिसळणे जेथे कायद्याने सक्तीचे असेल, तेवढ्याच पदार्थांत ती मिसळता येतात.

युरोपीय संघाच्या नियमातही हेच सूत्र आले आणि त्याचा नेमका अर्थ न्यायालयात ठरला. जर्मनीतील हर्बारिया या कंपनीचे फळांचे रस व वनस्पतींचे अर्क यांचे एक पेय ‘सेंद्रिय’ म्हणून विकले जात होते. त्यात लोह आणि जीवनसत्त्वे मिसळलेली होती. बव्हेरिया राज्याच्या प्रशासनाने सेंद्रिय हा उल्लेख काढण्यास सांगितले. ५ नोव्हेंबर २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला : तो पदार्थ विकण्यासाठी त्यात ही द्रव्ये असणे कायद्याने सक्तीचे असेल तरच ती सेंद्रिय पदार्थात मिसळता येतील. पोषणविषयक दावा करता यावा म्हणून मिसळणे या अपवादात बसत नाही.

दुसरा खटला थेट वनस्पतिजन्य दुधाचा होता. नाटुमी या जर्मन कंपनीच्या सेंद्रिय सोया आणि तांदूळ पेयांत कॅल्शियमसाठी ‘लिथोथॅम्नियम’ या समुद्री शैवालाच्या अवशेषांचे चूर्ण मिसळले जाई. प्रयोगशाळेतील क्षार चालत नसेल, तर समुद्रातून आलेले नैसर्गिक शैवाल का चालू नये, असा हा प्रश्न होता. २९ एप्रिल २०२१ रोजी त्याच न्यायालयाने त्यालाही नकार दिला. स्रोत नैसर्गिक असला, तरी हेतू कॅल्शियम वाढवण्याचा असेल तर सेंद्रिय पेयात ते मिसळता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. युरोपातील सेंद्रिय बदाम किंवा ओट पेयांच्या घटकसूचीत पाणी, धान्य किंवा बदाम, तेल आणि मीठ याखेरीज फारसे काही का नसते, याचे उत्तर या निकालांत आहे. लहान बाळांच्या दुधाच्या पावडरीत जीवनसत्त्वे असणे कायद्यानेच सक्तीचे असल्यामुळे सेंद्रिय पावडरीत ती असतात. दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयांना मात्र अशी सक्ती नाही, म्हणून ती या अपवादात येत नाहीत.

अटलांटिकच्या पलीकडे चित्र निराळे आहे. अमेरिकेचे सेंद्रिय नियम जीवनसत्त्वे व खनिजे मिसळण्यास मुभा देतात. त्यामुळे तेथील सेंद्रिय सोया दुधात कॅल्शियम, ड-२ आणि ब-१२ मिसळलेले सर्रास आढळते. हर्बारियाने पुढे हाच मुद्दा घेऊन पुन्हा न्यायालय गाठले : अमेरिकी सेंद्रिय पेयांना मुभा आणि आम्हाला मनाई, हा अन्याय नव्हे काय? ४ ऑक्टोबर २०२४च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, युरोपीय नियमांत न बसणाऱ्या आयात पदार्थांना युरोपीय संघाचे सेंद्रिय बोधचिन्ह लावता येणार नाही. सामान्य ग्राहकाने यातून घ्यायचा बोध असा की, सेंद्रिय हा शब्द सगळीकडे एकच असला, तरी त्या शब्दाखाली पेल्यात काय येईल हे देशागणिक बदलते. आपल्याकडील मोठ्या दुकानांत युरोपातून आलेली खोकीही असतात आणि देशी उत्पादनेही, हे लक्षात घेतले तर ही बाब दूरची राहत नाही.

भारतातील चिन्हे

भारतात सेंद्रिय अन्नासाठी २०१७चे स्वतंत्र नियम आहेत. प्रमाणपत्र ‘राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम’ किंवा ‘सहभागी हमी पद्धत’ यांपैकी एका मार्गाने मिळते, आणि वेष्टनावर ‘जैविक भारत’ हे बोधचिन्ह येते. पोषणवर्धित अन्नासाठी २०१८चे नियम व ‘+एफ’ हे चिन्ह आहे. ते प्रामुख्याने मीठ, तेल, दूध, पीठ आणि तांदूळ या रोजच्या पदार्थांसाठी आखलेले आहे. प्राणिजन्य घटक अजिबात नसलेल्या, म्हणजे ‘व्हीगन’, पदार्थांसाठी २०२२मध्ये आणखी नियम आले. ही तिन्ही चिन्हे तीन वेगवेगळ्या गोष्टींची हमी देतात. ‘व्हीगन’ चिन्हावरून पेयात ब-१२ आहे की नाही हे कळत नाही, आणि ‘जैविक भारत’ चिन्हावरून कॅल्शियम किती हेही कळत नाही.

‘दूध’ या शब्दाचाही वाद आहे. युरोपीय न्यायालयाने २०१७मध्ये सोया पेयांना ‘दूध’ म्हणण्यास मनाई केली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही २०२१मध्ये वनस्पतिजन्य पेयांवरून दुग्धवाचक शब्द काढण्याचे निर्देश दिले. म्हणून आपल्याकडील खोक्यांवर ‘सोया पेय’, ‘ओट पेय’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द अधिक दिसतात. नारळाचे दूध मात्र परंपरेने चालत आलेले नाव म्हणून दोन्हीकडे अपवाद ठरले आहे. या लेखात ‘दूध’ हा शब्द लोकभाषेतील अर्थानेच वापरला आहे.

फरक कोणाला पडतो?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण सर्वांना एकच उत्तर लागू नाही.

जो माणूस दही, ताक, अंडी, मासे खातो आणि केवळ दुधाने पोट बिघडते म्हणून कॉफीत बदामाचे पेय घालतो, त्याला पोषणवर्धित पेयाची तातडी नाही. गोव्याच्या किनाऱ्यावरील तिसऱ्या हा ब-१२ च्या सर्वांत समृद्ध स्रोतांपैकी एक आहे, आणि काट्यांसकट खाल्ल्या जाणाऱ्या लहान माशांतून कॅल्शियमही मिळते. अशा माणसाने शेतीच्या पद्धतीला महत्त्व देऊन सेंद्रिय पेय निवडले, तर त्याचे काही बिघडत नाही.

ज्याने मासे, अंडी आणि दूध हे सर्वच सोडले आहे, त्याच्यासाठी मात्र हिशेब बदलतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. पोषणवर्धित पेयाचा २०० मिलिलिटरचा एक पेला त्यातील जवळपास पाव भाग देतो. तेवढेच साधे सेंद्रिय बदाम पेय दोन-अडीच टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. ब-१२ ची गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. वर दिलेल्या प्रमाणाचे पोषणवर्धित पेय घेतले तरी ती भागवण्यासाठी तीन पेले लागतील. चहात घातलेल्या ५० मिलिलिटरमधून ०.२ मायक्रोग्रॅमही मिळत नाही. म्हणजे पोषणवर्धित खोके आणले की काम झाले, असेही नाही. प्राणिजन्य अन्न पूर्ण वर्ज्य करणाऱ्यांनी ब-१२ ची गोळी वैद्यकीय सल्ल्याने वेगळी घेणे हाच खात्रीचा मार्ग.

ब-१२ ची कमतरता कपटी असते. यकृतात त्याचा साठा असल्यामुळे प्रौढांत ती दिसून येण्यास काही वर्षे लागतात. पालेभाज्या व कडधान्यांतून फोलेट भरपूर मिळत असेल, तर रक्तक्षय झाकला जातो आणि हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण अशा मज्जासंस्थेच्या तक्रारीच आधी उद्भवू शकतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत आणि वृद्धांत या जीवनसत्त्वाचे शोषण आणखी कमी होते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवतींचा जो दीर्घकालीन अभ्यास केला, त्यात निम्म्याहून अधिक मातांमध्ये ब-१२ कमी आढळले. ज्या मातांमध्ये फोलेट जास्त व ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत पुढे इन्सुलिनला होणारा अवरोध अधिक दिसला. त्या स्त्रिया दूध वर्ज्य केलेल्या नव्हत्या, फक्त त्यांच्या आहारात प्राणिजन्य अन्न थोडे होते. जेथे मुळातच साठा तोकडा आहे, तेथे उरलेसुरले दूधही काढून त्याजागी काहीही न मिसळलेले पेय आणणे किती जोखमीचे, हे यावरून समजावे.

सर्वांत मोठी जोखीम लहान मुलांची. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २००१मध्ये दोन बालकांची नोंद प्रसिद्ध झाली. एकाला वर्षानंतर दुधाऐवजी तांदळाचे पेय मुख्य आहार म्हणून देण्यात आले आणि त्याला प्रथिनांच्या तीव्र अभावाने होणारा क्वाशिओरकोर हा विकार जडला. दुसऱ्याला कॅल्शियम व ड जीवनसत्त्व न मिसळलेले सोया पेय दिले जात होते. त्याला मुडदूस झाला. दोन्ही घरांत अन्नाची ददात नव्हती. बाळासाठी आरोग्यदायी म्हणूनच ती पेये आणली गेली होती.

म्हणून एक वर्षाखालील बाळाला आईचे दूध किंवा वैद्यांनी सांगितलेली शिशुआहाराची पावडर यांऐवजी कोणतेही वनस्पतिजन्य पेय देऊ नये, मग ते सेंद्रिय असो वा पोषणवर्धित. वर्षानंतर दूध चालतच नसेल, तर प्रथिनांच्या दृष्टीने बिनसाखरेचे पोषणवर्धित सोया पेय हा त्यातल्या त्यात जवळचा पर्याय, तोही बालरोगतज्ज्ञांना विचारून. अमेरिकेच्या २०२० ते २०२५ या काळासाठीच्या आहार मार्गदर्शिकेनेही वनस्पतिजन्य पेयांपैकी केवळ पोषणवर्धित सोया पेयालाच दुग्धगटात स्थान दिले होते.

घरचे दूध, नारळाचे दूध

घरी बदाम भिजवून केलेले दूध हे अनेकांना सर्वांत शुद्ध वाटते. त्याचा हिशेब असा : दहा बदामांचे वजन सुमारे १२ ग्रॅम आणि त्यात कॅल्शियम साधारण ३० मिलिग्रॅम. गाळताना त्यातलेही काही चोथ्यात जाते. पेलाभर गाईच्या दुधात ते सुमारे २४० मिलिग्रॅम असते. बदाम वाटून गाळण्यापेक्षा तसेच चावून खाल्लेले अधिक लाभाचे. घरी सोयाबीनचे दूध करायचे तर ते चांगले उकळणे अत्यावश्यक आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारी द्रव्ये असतात व ती उष्णतेने निष्प्रभ होतात.

गोव्याच्या आणि कोकणच्या घरांत वनस्पतिजन्य दूध नवे नाही. नारळाच्या रसावाचून सोलकढी होत नाही की मणगणे होत नाही. परंतु आपल्या पाकपरंपरेने नारळाच्या दुधाला कधीही गाईच्या दुधाच्या जागी बसवले नाही. ते कालवणाला दाटपणा आणि चव देणारे, स्निग्धतेने भरलेले द्रव्य आहे. पहिल्या दाट रसात शेकडा वीस ग्रॅमच्या आसपास चरबी असू शकते, कॅल्शियम मात्र नाममात्र. खोक्यातील नारळाचे पातळ पेय आणि सोलकढीतला रस या दोन वस्तू वेगळ्या. दोन्हींकडून हाडांसाठी अपेक्षा ठेवू नये.

कॅल्शियमसाठी देशी अन्नातच खरे बळ आहे. नाचणीत दर १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम, तर तिळात १,२०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. फायटेट व ऑक्झॅलेट यांमुळे ते सर्व अंगी लागत नाही, हे खरे. पण नाचणी मोड आणून सत्त्व काढल्याने किंवा आंबील करताना आंबवल्याने फायटेट घटते. नाचणीची आंबील, तिळाची चटणी, राजगिरा आणि पालेभाज्या रोजच्या जेवणात असतील, तर खोक्यावरचा भार तेवढा हलका होतो. ब-१२ ची उणीव मात्र यातल्या कशानेही भरून येत नाही.

वेष्टन कसे वाचावे

खोके हाती घेतल्यावर पुढच्या बाजूच्या हिरव्या पानांच्या चित्राऐवजी मागची बाजू पाहावी, आणि क्रमाने पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. घटकसूचीत मूळ पदार्थ किती टक्के आहे?
२. दर १०० मिलिलिटरमागे प्रथिने किती? तीन ग्रॅमच्या आसपास असतील तरच प्रथिनांच्या बाबतीत दुधाशी तुलना करावी.
३. कॅल्शियम १२० मिलिग्रॅमच्या जवळ आहे का? ड आणि ब-१२ यांचे आकडे दिले आहेत का? आकडे नसतील तर ती द्रव्ये मिसळलेली नाहीत, असेच धरून चालावे.
४. वरून घातलेली साखर किती? चॉकलेट किंवा व्हॅनिलाच्या चवीच्या पेयांत ती हमखास असते.
५. ‘सेंद्रिय’ लिहिले असेल तर प्रमाणपत्राचे बोधचिन्ह आहे का? ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘घरगुती’ हे शब्द प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाहीत.
६. खोके युरोपातील सेंद्रिय उत्पादन असेल, तर त्यात जीवनसत्त्वे नसण्याचीच शक्यता अधिक.

सेंद्रिय आणि पोषणवर्धित यांत श्रेष्ठ कोण, असा प्रश्नच म्हणून फसवा आहे. ज्याच्या ताटात इतर मार्गांनी कॅल्शियम आणि ब-१२ येते, त्याने मातीचा आणि शेतकऱ्याचा विचार करून सेंद्रिय खोके जरूर घ्यावे. ज्याच्या ताटात ते येत नाही, आणि ज्या घरात दुधाचा पेला खरोखरच या पेयाने बदलला आहे, तेथे आधी पोषणवर्धित पेय, नंतर सेंद्रिय शेतीचा आग्रह, असाच क्रम हवा. सेंद्रिय पेयच घ्यायचे ठरले, तर त्यात जे नाही ते नाचणी, तीळ आणि गरजेनुसार वैद्यांनी दिलेल्या गोळीतून भरून काढण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. ती ओळखून घेतलेले सेंद्रिय पेय चांगलेच. मुलाच्या पेल्यात ओतताना मात्र वेष्टनाची मागची बाजू वाचल्याशिवाय ओतू नये.